अॅडलेड ते खारघर : मंदावणाऱ्या कणांचा इतिहास

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरचे 'अॅक्ट्रेक' हे कर्करोग संशोधन व उपचार केंद्र आहे. तेथे २०२३ साली प्रोटॉन-उपचारांना आरंभ झाला. क्ष-किरण वाटेत सर्वत्र ऊर्जा सांडतात आणि गाठ ओलांडून पलीकडेही जातात. प्रोटॉन मात्र आरंभी हात आखडता ठेवतो, थांबण्याच्या बेतास आला की भरभरून देतो आणि तेथेच थांबतो. गाठीमागील निरोगी पेशी त्यामुळे वाचतात. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत याचे मोल फार मोठे आहे.

हा गुणधर्म प्रथम दाखविला तो विल्यम हेन्री ब्रॅग यांनी, प्रोटॉनांच्या नव्हे तर अल्फा कणांच्या संदर्भात. १८८६ पासून ते ऑस्ट्रेलियातील अॅडलेड विद्यापीठात गणित व पदार्थविज्ञान शिकवीत होते. अठरा वर्षे अध्यापनात गेली. स्वतःचे म्हणावे असे संशोधन जवळजवळ नाही. जानेवारी १९०४ मध्ये न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे त्यांना अध्यक्षीय भाषण करावयाचे होते, म्हणून त्यांनी किरणोत्सर्गावरील इतरांचे निबंध बारकाईने वाचले. तेव्हा त्यांचे वय एक्केचाळीस होते. अशा अठरा वर्षांना चरित्रग्रंथांत सहसा दोन ओळी मिळतात, आणि हे आम्हांस अन्यायाचे वाटते. ते भाषण मूलतः समीक्षाच होते, आणि प्रश्न निघाला तो त्या वाचनातून. अल्फा कण इलेक्ट्रॉनाच्या हजारो पट जड. मग तो इलेक्ट्रॉनासारखा इतस्ततः विखुरेल कसा? त्याने सरळ जाऊन ठरावीक अंतरावरच थांबावयास हवे.

ब्रॅग यांनी थोडे रेडियम ब्रोमाइड मिळविले आणि रिचर्ड क्लीमन या साहाय्यकासह हवेतील आयनीभवन मोजले. ते वाटेच्या शेवटाकडे वाढत गेले आणि मग एकाएकी संपले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

कारणमीमांसा नील्स बोर यांनी १९१३ साली, आपल्या विख्यात अणुप्रारूपाच्या थोडे आधी, मांडली. वेगवान कण इलेक्ट्रॉनाजवळून इतक्या झटकन निघून जातो की त्याला ओढावयास अवसरच मिळत नाही. कण मंदावला की सहवास लांबतो, आणि देणेही वाढते.

वैद्यकाकडे हे ज्ञान वळविले रॉबर्ट विल्सन यांनी, १९४६ च्या एका निबंधात. लॉस अॅलामॉस येथे अणुबाँबच्या प्रकल्पावर काम करून ते नुकतेच परतले होते. याला प्रायश्चित्त म्हणण्याचा मोह होतो. तो आम्ही आवरतो. १९५४ साली बर्कली येथे पहिल्या रुग्णावर प्रोटॉनांचा उपचार झाला.

बोर यांचा नियम मात्र अगदी अखेरपर्यंत टिकत नाही. कणाचा वेग अणूतील इलेक्ट्रॉनांच्या वेगाइतका उतरला की गणित उलटते : आता वेग जितका कमी, तितके देणेही कमी, जवळजवळ घर्षणासारखे. या संथ आयनांचा हिशेब १९४७ मध्ये फर्मी व टेलर यांनी, आणि १९६१ मध्ये डेन्मार्कच्या लिंडहार्ड व शार्फ यांनी मांडला. २३० दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचा प्रोटॉन प्रकाशाच्या सुमारे साठ टक्के वेगाने निघतो आणि पाण्यात तीसएक सेंटिमीटर जातो. त्यातला हा संथ टप्पा मिलिमीटरच्या जेमतेम हजाराव्या भागाचा. एका पेशीच्या रुंदीहूनही कमी. तेथे तो कुठला तरी इलेक्ट्रॉन पकडतो, सोडतो, पुन्हा पकडतो आणि शेवटी हायड्रोजनचा एक साधा अणू होऊन राहतो.