आप्पांचं रेडिओचं पुस्तक

गेल्या महिन्यात पुतणीचा इंग्लंडहून फोन आला. ती आणि तिचा नवरा नुकतेच लेस्टरला राहायला गेलेत. सामान पुरतं लागलंही नव्हतं, तोच दारात एक पत्र येऊन पडलं. या पत्त्यावर टीव्हीचा परवाना नाही, टीव्ही बघत असाल तर तो घ्या, नाहीतर खटला होऊ शकतो, अशा अर्थाचं. ती चांगलीच वैतागली होती.

"काका, टीव्ही आमचा, वीज आमची, आणि वर बघायचे पैसे वेगळे? आपल्याकडे असलं काही नव्हतं!"

"नव्हतं कसं? तुझ्या आजोबांनी वीस वर्षं भरलेत."

तिला खरं वाटेना. मग मी माळ्यावर चढलो. (या वयात माळ्यावर चढल्याबद्दल सौ.ची बोलणी खाल्ली, ती वेगळीच.) पत्र्याच्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यांखाली ते सापडलं. आप्पांचं रेडिओचं लायसन. पासबुकासारखं छोटं पुस्तक, आत दर वर्षाची तिकिटं चिकटवलेली आणि त्यांवर पोस्टाचे शिक्के. कडा वाळवीने खाल्ल्यात, पण शिक्के वाचता येतात.

आप्पांनी रेडिओ घेतला तो १९६३ साली, भात चांगलं झालं होतं त्या वर्षी. बॅटरीवर चालणारा मर्फी. कडावात तेव्हा रेडिओ असलेली घरं बोटांवर मोजण्याइतकी. संध्याकाळी ओटीवर माणसं जमायची, बातम्या ऐकायची, मग शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. रेडिओवर आईने विणलेलं झाकण असे, आणि आप्पांशिवाय कोणी बटणाला हात लावायचा नाही. लायसनची फी सत्तरच्या दशकात वर्षाला १५ रुपये होती. ती भरायला आप्पा स्वतः पोस्टात जात. एका वर्षी आवणीच्या गडबडीत राहून गेलं आणि नेमका तपासनीस आला. आईने रेडिओ उचलून भाताच्या कणगीत ठेवला. रेडिओ घरात नाही म्हणून आई सांगते आहे आणि कणगीतून बातम्या ऐकू येताहेत, कारण घाईत तो बंद करायचाच राहिला होता! दंड भरावा लागला. ती गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात.

पण मला आठवतो तो आप्पांचा ताठा. कार्यक्रमात सारखी ऊस आणि ज्वारीची चर्चा चाललेली. आमच्याकडे काय, भात. एकदा त्यांनी मुंबई आकाशवाणीला पोस्टकार्ड टाकलं. सुरुवातच अशी, "मी आपला परवानाधारक श्रोता असून माझा परवाना क्रमांक पुढीलप्रमाणे..." मग कर्जत तालुक्यात भात पिकतं, कर्जतला भाताचं संशोधन केंद्र आहे, तिथल्या लोकांना बोलवा, करप्यावर काय फवारायचं ते सांगा. पुढे काही आठवड्यांनी भातावर एक कार्यक्रम झाला खरा. पत्रामुळे की योगायोगाने, कोण सांगणार? आप्पा मात्र शेवटपर्यंत म्हणत, "पैसे भरतो, तर बोलणारच."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. म्हणून या पैशांची गोष्ट नीट आठवून पाहिली.

आपल्याकडे ही फी रेडिओइतकीच जुनी आहे. २३ जुलै १९२७ ला मुंबईचं केंद्र सुरू झालं ते सरकारी नव्हतं. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी नावाची खासगी कंपनी होती. लायसन वर्षाला १० रुपये, त्यातले ८ कंपनीला. कल्पना सरळ होती, ऐकणाऱ्यांनी भरायचं आणि त्यात केंद्र चालवायचं. पण अख्ख्या देशात परवान्यांची संख्या आठ हजारांवरही गेली नाही. न भरता ऐकणारे होतेच. हवेतला आवाज, त्याला फाटक कुठून लावणार? १९३० च्या मार्चमध्ये कंपनी बुडाली आणि सरकारने केंद्रं ताब्यात घेतली. १९३३ च्या कायद्याने परवान्याशिवाय संच नुसता बाळगणं हाच गुन्हा ठरला. आमच्या कणगीतल्या रेडिओपर्यंत पोचणारा कायदा तो हा.

इथे एक फरक झाला, आणि माझ्या मते सगळी ग्यानबाची मेख तिथेच आहे. इंग्लंडात १९२२ साली १० शिलिंगांपासून सुरू झालेली फी बीबीसी चालवण्यासाठी वापरतात. बीबीसी सरकारी खातं नाही, तिची वेगळी सनद आहे. आपल्याकडे फी गोळा करायचं पोस्ट आणि आकाशवाणी चालवायचं सरकारी खातं. पैसा सरकारच्या तिजोरीत, आणि तिथून अंदाजपत्रकाच्या वाटेने, मंत्र्याच्या खात्यातून आकाशवाणीला. आप्पांना वाटायचं, आपण आकाशवाणीला पैसे देतो. ते खरं तर सरकारला देत होते.

मंत्र्याच्या हातात असण्याचा अर्थ काय, ते पन्नाशीच्या दशकात कळलं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, पुण्याचे, आपलेच. १९५२ ते १९६२ माहिती आणि नभोवाणी मंत्री. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा, आणि सिनेसंगीत त्यांना हलकं वाटायचं. त्यांच्या काळात आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी आटत आटत जवळजवळ नाहीशी झाली. केसकरांमुळे कित्येक गवयांना रेडिओचा आधार मिळाला, हे मान्यच करायला हवं. पण लोक काय करतात? लोकांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. १९५२ पासून तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. म्हणजे बघा, लायसनचे पैसे दिल्लीला, कान कोलंबोला, आणि कार्यक्रमाचा खर्च टूथपेस्टवाल्याचा! शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सरकारलाच विविध भारती काढावी लागली.

त्याच सुमाराला, म्हणजे १९५६ साली, पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. महाराष्ट्रातल्या पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत शेतकऱ्यांची मंडळं स्थापन केली. मंडळाने एकत्र बसून कार्यक्रम ऐकायचा, चर्चा करायची, आणि प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवायचे. प्रयोग इतका जमला की पुढे देशभर नेला. हा कार्यक्रम ना जाहिरातीवर चालला असता, ना गावातल्या चार रेडिओवाल्यांच्या फीवर. सगळ्यांच्या पैशातूनच तो होऊ शकत होता. आप्पांचं पोस्टकार्ड हे त्याच मंडळांचं एकट्याने केलेलं काम, असं मला आता वाटतं.

पैसा पुरेना तसा जाहिरातीचा विचार पुढे आला. चंदा समितीने १९६६ साली दोन गोष्टी सुचवल्या होत्या. आकाशवाणीला सरकारी खात्यातून काढून स्वतंत्र महामंडळ करा, आणि जाहिराती घ्या. यातली दुसरी लगेच पटली! १ नोव्हेंबर १९६७ ला विविध भारतीवर मुंबई, पुणे, नागपूर इथून जाहिराती सुरू झाल्या. पहिली पटायला तीस वर्षं लागली.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. आमच्या आणि वरळीच्या मनोऱ्याच्या मध्ये माथेरानचा डोंगर आडवा, त्यामुळे कडावात चित्र म्हणजे मुंग्या. उंच बांबूला अँटेना बांधून एक जण ती फिरवायचा आणि खालचे ओरडायचे, "आलं, आलं... गेलं!" पण जे दिसायचं ते आपलं वाटायचं. 'गजरा', 'आमची माती आमची माणसं', 'ज्ञानदीप', 'कामगार विश्व'. गिरणी कामगार आणि शेतकरी यांच्यासाठी कोणी खास कार्यक्रम करतं आहे, हे आज नातवंडांना सांगितलं तर ती हसतात. टीव्हीचं लायसनही होतं, ५० रुपयांचं.

मग आणीबाणी आली. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती सुरू झाल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात किशोरकुमारची गाणी आकाशवाणी आणि दूरदर्शनवरून गायब झाली, कारण त्याने सरकारच्या कार्यक्रमाला नकार दिला होता. आप्पांनी त्या वर्षीही लायसन भरलं होतं. पुस्तकात शिक्का आहे. परवानाधारकाला कोणी विचारलं नाही आणि जाहिरातदारानेही हूं का चूं केलं नाही. फी असो की जाहिरात, दोन्हीपैकी एकानेही त्या वेळी मालकाचा हात धरला नाही.

नंतर जनता सरकारने वर्गीज समिती नेमली. तिने १९७८ साली 'आकाशभारती' नावाचा स्वतंत्र न्यास सुचवला. सरकार पडलं, विधेयकही गेलं. १९८४ साली 'हम लोग' मॅगीच्या पैशांवर आलं आणि प्रायोजकांची रांग लागली. त्याच सुमाराला रेडिओ-टीव्हीची लायसनं रद्द झाली. कडावात पेढे वाटायचे तेवढे राहिले. मीही खूश होतो. फक्त आप्पा म्हणाले, "आता पत्रात नंबर काय घालू?" आम्ही हसलो होतो.

प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ मध्ये. मधे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. फार मोठं वाक्य. पण मालमत्ता सार्वजनिक आणि पगाराचा मोठा वाटा सरकारी अनुदानातून, तेव्हा बातम्या कोणाच्या बाजूने झुकणार हे सांगायला ज्योतिषी नको. त्याला कुठला एक पक्ष अपवाद नाही.

फी परत आणावी का, असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन. मलबार हिलवरच्या माणसाला १५ रुपये आणि आप्पांनाही १५च. इंग्लंडात आज हेच भांडण चालू आहे. २०२५ च्या एप्रिलपासून तिथली फी १७४ पौंड ५० पेन्स झाली, श्रीमंताला आणि भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला सारखीच. फ्रान्सने तर २०२२ साली ती काढूनच टाकली.

पण जाहिरातीवर सगळं सोडा, हेही मला पटत नाही, आणि त्याचं कारण आमच्या गावाजवळच आहे. आमची सौ. प्राथमिक शाळेत होती. वर्गात निम्मी मुलं कातकरी आणि ठाकर वाड्यांवरची. २७ जानेवारी १९८४ ला पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, इन्सॅट उपग्रहावरून मराठी मुलांसाठी कार्यक्रम करायला. तिच्या शाळेला एक टीव्ही मिळाला. विजेचा भरवसा नाही, पण असली की पोरं पुढे सरकून सरकून पडद्याला नाक लावायची. आपला जिल्हा म्हणे रायगड, समुद्राचा. पण या पोरांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. तो पहिल्यांदा त्या पडद्यावर पाहिला. एका मुलीने विचारलं होतं, "बाई, त्याला पलीकडचा काठ कुठंय?" दिवाळी झाली की यातली कित्येक पोरं आईबापांबरोबर वीटभट्टीवर जायची. त्यांना साबण विकायचा नाही, मोटार विकायची नाही. जाहिरातदाराच्या वहीत ती मुलं नाहीतच. फीच्या वहीतही नव्हती, कारण त्यांच्या घरात संच नव्हता.

बालचित्रवाणी फीवर नव्हती, जाहिरातीवर नव्हती. आधी केंद्राच्या आणि मग राज्याच्या पैशांवर होती. पैसा द्यायचा की नाही, ते ठरवणारे वरचे. तो आटला, आणि २०१७ साली ती बंद झाली. ज्यांच्यासाठी होती, त्यांच्या हातात ना लायसनचा नंबर, ना ग्राहक म्हणून पत. पोस्टकार्ड टाकायचं कोणी? मी मराठीचा मास्तर, मी तरी टाकलं का? नाही टाकलं. तेव्हा निवृत्त होऊन घरीच बसलो होतो, वेळ भरपूर होता.

माझं म्हणणं एवढंच की पैसा करातून यावा, ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडून जास्त. पण दर वर्षी मंत्रालयापुढे हात पसरायला लागू नयेत. पाच-सात वर्षांची रक्कम कायद्याने बांधून द्यावी, आणि ती कोणत्या कार्यक्रमावर गेली याचा हिशेब त्याच पडद्यावर वाचून दाखवावा. हे होईल का? माझ्या हयातीत होईलसं वाटत नाही.

आज वाडीवरच्या घरांवर दूरदर्शनच्या फ्री डिशच्या थाळ्या दिसतात. दरमहा पैसे नाहीत, हे चांगलंच. त्यावर खासगी वाहिन्याही दिसतात, त्या आपली जागा लिलावात विकत घेतात आणि जाहिरातींवर चालतात. परवा एका घरात डोकावलो, तर बाई गोऱ्या होण्याच्या क्रीमची जाहिरात बघत भाकरी थापत होती.

पुतणीला आप्पांच्या पुस्तकाचे फोटो पाठवले. तिने परवाना काढला, म्हणाली, दंड कोण भरणार. परवा पुन्हा फोन आला. भारतातल्या पुराच्या बातमीत बीबीसीने रायगडचा उच्चार भलताच केला, म्हणून तिने त्यांना तक्रार लिहिली होती.

"परवाना क्रमांक घातलास का?" मी विचारलं.

"त्याची गरज नसते, काका."

"तरी घाल."