लपवलेलं कुणाला सांगायचं?

घरात लोखंडी कपाट आलं, बँकेत लॉकर मिळाला, याला फार वर्षं झालेली नाहीत. गोदरेजनं तिजोऱ्या करायला सुरुवात केली ती 1902 च्या सुमारास, आणि तिजोरी खेड्यातल्या घरापर्यंत पोचायला पुढं कित्येक वर्षं गेली. तोवर घर हीच तिजोरी होती. आमच्या बेळगावकडची जुनी घरं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. दोन-दोन हात रुंद भिंती, त्यांत कोनाडे आणि फडताळं, धान्याचं अंधारं बळद, जमिनीखाली पेव. धान्य ठेवायची जागा तीच डबोलं ठेवायची जागा.

आता नीट बघा, या सगळ्या जागा कुणाच्या हाताखालच्या? उतरंडीतलं खालचं मडकं, पिठाचा डबा, चुलीमागची जमीन, देवघराचा कोपरा. सगळ्या बाईच्या वावरातल्या. मातीची जमीन उकरून तांब्या पुरला, की वरून शेणानं सारवायचं. दोन-चार सारवणांत उकरल्याची खूण जाते. सारवणारीला मात्र ती जागा डोळे मिटूनही सापडते. वाडा पुरुषाच्या नावावर असेल, पण त्यातल्या गुपितांची राखण बऱ्याचदा सारवणाऱ्या हाताकडं होती. इतिहासाच्या पुस्तकांत खजिन्यांची वर्णनं येतात, या राखणीबद्दल कुणी फारसं लिहीत नाही.

ही राखण सोपी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पेंढारी गावं लुटत फिरत. जमीन खणत बसायला त्यांना वेळ नसे, म्हणून ते माणसाला धरत. घोड्याच्या तोबऱ्यात गरम राख भरायची, तो माणसाच्या तोंडाला बांधायचा आणि पाठीवर थापा मारायच्या, म्हणजे श्वासाबरोबर राख छातीत जाई. पैसा कुठं पुरला ते वदवून घ्यायची ही त्यांची रीत त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवून ठेवली आहे. 1817-18 च्या मोहिमेत पेंढाऱ्यांचा बंदोबस्त झाला. पण यातली गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सोनं भिंतीत असतं, पण त्याचा धोका ते माहीत असणाऱ्या माणसाच्या जिवाला असतो.

सोन्याइतकीच दुसरी एक वस्तू घराघरांत होती, ती म्हणजे हत्यार. तलवार, जंबिया, ठासणीची बंदूक. चोर-दरोडेखोर आणि पिकात शिरणारी रानडुकरं, दोन्हींसाठी ती लागत. 1857 चा उठाव झाला आणि सरकारनं लोकांकडची हत्यारं काढून घ्यायचं ठरवलं. त्याची मोठी झळ आमच्या मुलखालाही लागली. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी हत्यारं द्यायचं नाकारलं. शिकार आणि चाकरी दोन्ही हत्यारावर चालणारी ही माणसं. हत्यार गेलं म्हणजे पोट गेलं आणि इभ्रतही गेली, असा त्यांचा हिशेब. नोव्हेंबर 1857 मध्ये फौज आली, गाव जाळलं, पुष्कळ माणसं मारली गेली, आणि डिसेंबरात 19 जणांना फाशी दिलं. कानडी लावणीत हलगली अजून गायली जाते. पुढच्याच वर्षी नरगुंदचे बाबासाहेब भावे उठले. दत्तक नामंजूर झाल्याचं दुःख होतंच, त्यात हत्यारं मागितल्याचा राग मिसळला. 12 जून 1858 ला त्यांना बेळगावातच फाशी दिलं.

त्याच सुमाराला बिठूरला नानासाहेब पेशव्यांच्या वाड्यातली विहीर इंग्रज फौजेनं उपसली, आणि तळातून सोन्याचांदीची भांडी नि नाणी निघाली. विहिरीसारखी जागासुद्धा शोधणाऱ्याला सापडली.

यानंतर वीस वर्षांनी, 1878 साली, सरकारनं दोन कायदे केले. एक हत्यारांचा, परवान्याशिवाय बंदूक बाळगू नये म्हणून. दुसरा गुप्तधनाचा. जमिनीत किंवा जमिनीला जोडलेल्या वस्तूत लपवलेलं, 10 रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. जमिनीला जोडलेली वस्तू म्हणजे घराची भिंतसुद्धा आलीच! म्हणजे आपल्या आज्या-पणज्या ज्या दोन वस्तू सांभाळत होत्या, त्या दोन्ही एकाच वर्षी सरकारी वहीत गेल्या. मात्र या दुसऱ्या कायद्यात एक विचार दिसतो. गेल्या शंभर वर्षांत ते धन आपल्या माणसानं पुरलं, असा दावा कुणी केला तर त्याला कोर्टात दाद मागता येते. दावाच आला नाही तर धन बेवारशी ठरतं, आणि जागेचा मालक वेगळा असेल तर सापडवणाऱ्याला तीन हिस्से, मालकाला एक. म्हणजे वारसाला माहीत असणं किती महत्त्वाचं, ते कायद्यानंच सांगितलं.

वारसाला माहीत नसलं की काय होतं, ते ग्वाल्हेरला विचारावं. शिंद्यांच्या किल्ल्यातल्या गुप्त कोठ्यांना ‘गंगाजळी’ म्हणत. 1858 नंतर किल्ला इंग्रजांच्या ताब्यात होता, तो 1886 मध्ये परत मिळाला. त्याच वर्षी जयाजीराव महाराज वारले. गादीचे वारस माधवराव तेव्हा नऊ वर्षांचे. कोठ्यांची खूण वडील सांगून गेले नाहीत, अशी हकीगत त्या घराण्यात सांगत. राजमाता विजयाराजे यांनी आत्मचरित्रात ती लिहून ठेवली आहे. पुढं त्यातलं काही धन माधवरावांच्या हाती लागलं म्हणतात. राजाच्या घरी ही तऱ्हा, तर साध्या घरात किती तांबे जमिनीतच राहिले असतील! कर्ता अचानक जायचा, बायकोला पत्ता नसायचा. किंवा सासूला माहीत असायचं आणि ती सुनेला सांगायची नाही. घर असून विधवेनं दुसऱ्याच्या दारात कामाला जायचं, आणि धन तिच्याच पायाखाली.

आपल्या श्रावकाचारात या विषयाचा फार बारीक विचार आहे. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंडात अचौर्य सांगताना नुसती चोरी नाही म्हटलं. दुसऱ्यानं ठेवलेलं, पडलेलं, विसरलेलं, तेही न देता घेऊ नये. तत्त्वार्थसूत्रात न्यासापहार हा सत्यव्रताचा अतिचार मानला आहे, आणि पूज्यपादांनी तो उदाहरणानं समजावला. ठेव ठेवणारा माणूस आकडा विसरला आणि त्यानं कमी मागितलं. आपण ‘हो, तेवढीच होती’ म्हटलं, की न्यासापहार झाला. विसरलेल्या माणसाचा हक्क विसरण्यामुळं जात नाही, हे किती नेमकं सांगितलं आहे! हत्याराबद्दलही तसंच. हिंसेची साधनं दुसऱ्याच्या हाती देणं हा अनर्थदंड. दाराआड उघडी ठेवलेली बंदूक लहान पोराच्या हाती लागली, तर ती आपणच दिल्यासारखी नाही का?

सोनं लपवायची पाळी आपल्या आयांवरही आली होती. चीनच्या युद्धानंतर जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रण आलं, नवे दागिने चौदा कॅरटचेच करायचे. 1968 च्या कायद्यानं घरात सोन्याची लगड किंवा बिस्किट बाळगायला बंदी केली. 1990 मध्ये तो कायदा गेला. मधल्या काळात ‘सोनं’ हा शब्दसुद्धा दार लावून बोलायचा झाला होता. न बोलायची ती सवय मात्र कायदा गेल्यावरही घरांत राहिली.

म्हणून बायांनो, दोन गोष्टी आपण ठरवून करूया. दागिने कुठं आहेत, कुणाचे आहेत, कोणता स्त्रीधनातला, कोणता शेजारणीनं ठेवायला दिलेला, याची यादी कागदावर करायची, आणि घरातल्या निदान दोघांना तो कागद कुठं आहे ते सांगायचं. त्या दोघांत एक बाई हवीच, मग ती सून असो की मुलगी. आणि आजोबांची बंदूक माळ्यावर असेल तर ती तशीच झाकून ठेवायची नाही. परवानाधारक वारला की ते हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या दुकानदाराकडं जमा करावं लागतं, नंतर वारसाला परवाना मिळाला तर परत घेता येतं. लपवण्यात आपल्या आधीच्या बाया फार हुशार होत्या. सांगण्याची मोकळीक त्यांना नव्हती. ती आपल्याला आहे, तर आजच संध्याकाळी जेवणं झाली की सुनेला जवळ बसवून घ्या.