महानगर आणि खोली

महानगरात जात विरघळते, असे आपल्याकडचे विचारवंत वर्षानुवर्षे सांगत आले आहेत. लोकल गाडीत कोण कोणाला खेटून उभा आहे हे कोणी विचारीत नाही, हा त्यांचा आवडता दाखला. पण माणूस गाडीत राहत नाही, खोलीत राहतो. परगावाहून शिकायला आलेल्या मुलाला तर शहराची पहिली ओळख खोली शोधतानाच होते. म्हणून बाबासाहेबांच्या न्यूयॉर्कमधील विद्यार्थिदशेकडे पदव्यांच्या अंगाने न पाहता मी येथे निवासाच्या अंगाने पाहणार आहे.

जुलै १९१३ मध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. प्रथम हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तेथले जेवण रुचेना, म्हणून आठवडाभरात कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तेथे काही हिंदी विद्यार्थी राहत होते. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी तरुणाबरोबर राहिले, आणि ती मैत्री जन्मभर टिकली. जागा सोडण्याचे कारण जेवण होऊ शकते, जात नव्हे, हा अनुभव परळच्या चाळीतून गेलेल्या तरुणाला नवा होता. शिष्यवृत्तीतून घरी पैसे पाठवायचे, पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके विकत घ्यायची, दिवस ग्रंथालयात काढायचा. सेलिग्मन, ड्यूई यांची व्याख्याने ऐकायची. मे १९१६ मध्ये गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीकडे अभ्यासविषय म्हणून पाहायला जे अंतर लागते, ते त्या खोलीने दिले असे मला वाटते.

मात्र यावरून न्यूयॉर्कची आरती ओवाळण्याचे कारण नाही. १९२४ मध्ये याच विद्यापीठाच्या फर्नाल्ड हॉलसमोर क्रूस पेटवण्यात आला. कारण एवढेच की फ्रेडरिक वेल्स हा कायद्याचा कृष्णवर्णीय विद्यार्थी तेथे राहत होता. जवळच हार्लेममध्ये कृष्णवर्णीयांची वस्ती वाढत होती, आणि ती केवळ त्यांच्या मर्जीने तेथे वाढत नव्हती. त्या शहराला कातडीचा रंग वाचता येत होता. महारपण वाचता येत नव्हते. बाबासाहेबांना खोली मिळाली ती शहराच्या उदारतेइतकीच या निरक्षरतेमुळे मिळाली.

हे साक्षर झालेले शहर त्यांना १९१७ मध्ये बडोद्यात भेटले. नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले, तर राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून दहा दिवस काढले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला पारशांचा जमाव दारात उभा राहिला. न्यूयॉर्कला खोलीत सोबती पारशी, बडोद्याला खोलीबाहेर काढणारे पारशी. एका हिंदू मित्राकडे विचारले, तर त्याचे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्राला बायकोला विचारायचे होते, आणि ते दोघे मूळचे ब्राह्मण. अखेर कमाटी बागेत काही तास बसून रात्रीची गाडी पकडावी लागली. परदेशात आपण अस्पृश्य असल्याची जाणीवच पुसून गेली होती, असे त्यांनी हा प्रसंग सांगताना लिहिले आहे.

माझ्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. मुंबईत एम.ए. करताना एका घरमालकाने माझे गुण विचारले, गाव विचारले, चहा दिला. आडनाव ऐकल्यावर त्याला एकाएकी आठवले की पुतण्या येणार आहे. असे पुतणे या शहरात फार आहेत.

बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. सिद्धार्थ महाविद्यालय निघाले १९४६ मध्ये. हा क्रम आपले अभ्यासक ओझरता उल्लेखून पुढे जातात. मला तो चळवळीच्या अनुभवातून आलेला दिसतो. वर्गात बसायला मिळाले तरी रात्री निजायचे कोठे, हा प्रश्न बडोद्याने शिकवला होता.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या आपल्या मुलांना २०१६-१७ पासून स्वाधार योजनेत निवास-भोजनाचे पैसे मिळतात. माझे विद्यार्थी अर्ज भरतात, पैसे उशिरा का होईना येतात. ते घेऊन मुलगा खोली पाहायला जातो आणि घरमालक विचारतो, ‘पूर्ण नाव काय?’