धाग्याचं कूळ

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. धाग्याचं शोधायला हरकत नसावी, निदान सिल्वासात तरी. दमणगंगेकाठच्या या गावाभोवती मसाट, खडोली, रखोली, सायली अशा भागांत पॉलिएस्टर धाग्याचे कारखाने पसरले आहेत. या धाग्याचा कच्चा माल तेलातून येतो, पण इथे ना तेलाच्या विहिरी, ना बंदर. १९६१मध्ये हा दादरा-नगर हवेलीचा प्रदेश केंद्रशासित झाला, पुढे करसवलती आल्या, आणि सवलतींमागून धागा आला.

यातल्या बऱ्याच ठिकाणी चालतं ते टेक्श्चरायझिंग. पीओवाय नावाच्या अर्धवट ताणलेल्या धाग्याच्या बॉबिनी क्रील नावाच्या मांडणीवर चढतात. धागा दोनशे अंशांच्या आसपास तापलेल्या हीटरमधून जातो, फिरत्या चकत्या त्याला पीळ देतात, पिळातच तो थंड होतो आणि मग पीळ सुटतो. ओली वेणी वाळल्यावर सोडली की केस कुरळे राहतात, तसा धागा फुगीर होऊन बाहेर पडतो. या सगळ्या खटाटोपात रेणू तोच राहतो. शेजारशेजारच्या साखळ्यांमधली दुबळी ओढ उष्णतेने सैलावते आणि गार होताना नव्या जागी पुन्हा धरते. साखळीच्या आतले अणू एकमेकांचे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बसलेले असतात. त्या सहसंयुज बंधाला दोनशे अंशांनी एवढ्या वेळात काही होत नाही.

हा फरक आज शाळेत शिकवतात. १९२०मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान स्टाउडिंगर यांनी रबर, सेल्युलोज म्हणजे सहसंयुज बंधांनी जोडलेल्या प्रचंड लांब साखळ्या आहेत असं मांडलं, तेव्हा भल्याभल्यांना ते पटलं नाही. एवढा मोठा रेणू असूच शकत नाही, छोटे रेणू दुबळ्या ओढीने गोळा झालेले असणार, असा त्यांचा आग्रह. स्टाउडिंगर यांना नोबेल मिळायला १९५३ उजाडलं.

तोवर वाद प्रयोगशाळेतच निकाली निघाला होता. अमेरिकेत ड्यूपाँटमध्ये वॉलेस कॅरोथर्स यांनी लांब साखळ्या मुद्दाम, एकेक दुवा जोडून बनवायला घेतल्या. १९३०मध्ये त्यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी वितळलेल्या पॉलिएस्टरमधून धागा ओढला. थंड झाल्यावर ताणला तर तो आणखी मजबूत झाला, कारण साखळ्या एका दिशेला रांगेत आल्या. पण हा धागा फारच कमी तापमानाला वितळायचा. इस्त्री फिरवायची सोय नाही, तर कापड काय कामाचं! कॅरोथर्स नायलॉनकडे वळले.

राहिलेलं काम मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमधल्या व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी १९४१मध्ये केलं. त्यांनी साखळीत टेरेफ्थॅलिक आम्ल घातलं, म्हणजे बेंझीनचं ताठ कडं. साखळीला वाकायला जागा उरली नाही आणि वितळणबिंदू २५० अंशांच्या वर गेला. माझ्या मते या कुळाचा खरा मूळपुरुष हे कडंच. आयसीआय कंपनीने या नव्या धाग्याला टेरिलीन म्हटलं, ड्यूपाँटने डेक्रॉन. आपल्याकडे टेरिलीनचा शर्ट ही एके काळी ऐट होती. पुढे १९८२मध्ये रायगड जिल्ह्यात पाताळगंगेला रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला.

या साखळीची एक खोड मात्र बनवणाऱ्याला विसरता येत नाही. आम्ल आणि साखळीतला दुसरा घटक ग्लायकॉल जुळताना प्रत्येक एस्टर बंधामागे पाण्याचा एक रेणू सुटतो. तेच पाणी वितळलेल्या अवस्थेत पुन्हा सापडलं, तर प्रक्रिया उलटी फिरते आणि बंध तुटतो. म्हणून जिथे पॉलिएस्टरचे बारीक तुकडे, म्हणजे चिप्स, वितळवून धागा काढतात, तिथे त्या आधी कडकडीत वाळवाव्या लागतात, आणि आपल्या या पट्ट्यातला पावसाळा काही साधा नाही. चिप्समध्ये ओल राहिली की साखळ्या आखूड होतात, आणि सूत जाळीतून उतरतानाच तुटायला लागतं.