हजचं जहाज आणि सोळा चौरस फूट

आमच्या हिंगणघाटसारख्या गावातही हल्ली क्रूझची चर्चा असते. निवृत्तीचे पैसे आले, लग्नाला पंचवीस वर्षं झाली, मुलगी नोकरीला लागली, असं काही निमित्त निघतं आणि लोक मुंबईहून जहाजानं गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाऊन येतात. जाण्याआधी एक प्रश्न हमखास विचारला जातो : बाल्कनीची खोली घ्यावी का? त्यात नेमकं काय मिळतं?

याचं उत्तर अवघड नाही. बाल्कनी धरून साधारण दोनशे चौरस फुटांच्या आसपासची खोली मिळते. पलंग, न्हाणीघर, काचेचं सरकतं दार आणि बाहेर दोन खुर्च्या मावतील एवढा सज्जा. जहाज वेगात असलं की तिथं वारा फार असतो आणि कठड्यावर खारट ओल बसते. खोली जहाजाच्या मध्यावर असेल तर हेलकावे कमी जाणवतात, टोकाला असेल तर जास्त. काही खोल्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात, म्हणजे पैसे समुद्राचे आणि दर्शन होडीच्या बुडाचं. म्हणून नकाशा बघूनच खोली घ्यावी. शेवटी जास्तीचे पैसे आपण समुद्रासाठी देत नाही. समुद्र वरच्या उघड्या डेकवर सगळ्यांना दिसतोच. पैसे देतो ते कुणाच्या नजरेत न येता मोकळी हवा घेता यावी यासाठी.

जहाजावर आपल्या वाट्याला किती जागा, किती हवा आणि किती आडोसा, हा प्रश्न मात्र आमच्या गावातल्या मुसलमान घरांना नवा नाही. क्रूझ हा शब्द इथं पोचण्याच्या कितीतरी आधी आमच्या आज्या-पणज्यांनी तो सोसला आहे. ते जहाज हजचं होतं.

हिंगणघाटला समुद्र नाही, वेणा नदी आहे. पण रेल्वेनं हे गाव एकोणिसाव्या शतकातच मुंबईच्या गोदीला जोडलं. 1867मध्ये रेल्वे नागपूरला पोचली आणि पुढच्या दशकात वर्ध्याहून वरोऱ्याकडे जाणारा फाटा हिंगणघाटवरून गेला. तो आला कापूस आणि कोळशासाठी. हिंगणघाटचा कापूस त्या काळी इंग्लंडच्या बाजारातही गावाच्या नावानंच ओळखला जाई. त्याच रुळांवरून हाजी निघत. वर्ध्याला गाडी बदलायची, मग भुसावळ करत साडेसातशे किलोमीटरवर मुंबई. तिथं क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, लसी, कागदपत्रं, तिकीट, आणि मग गोदी. कापसाच्या गाठी आणि हाजी एकाच वाटेनं समुद्रापर्यंत जात. कितीतरी जहाजं अशी होती, की हंगामात माणसं आणि बाकीचं वर्ष माल वाहत. मालासाठी केलेल्या मधल्या मजल्यावर, वरच्या डेकच्या खाली, हाजींनी आपली वळकटी उलगडायची.

जागा आखून दिलेली नसे. ज्याची पोरं चपळ, त्याला शिडीजवळची, वाऱ्याची जागा. म्हाताऱ्यांच्या वाट्याला कोपरा. वर थोड्या केबिनी असत, पहिल्या वर्गाच्या. व्यापारी, जमीनदार, नवाब, वकील तिथं. फार वरचा थाट असेल तर भोपाळच्या सिकंदर बेगमसारखा. त्या 1863मध्ये मोठ्या लवाजम्यासह हजला निघाल्या आणि परतल्यावर त्यांनी त्या प्रवासाचा वृत्तान्तही लिहिला. खाली झोपणाऱ्यांनी सहसा काही लिहिलं नाही. त्यांची माहिती मिळते ती सरकारी कायद्यांत, साथींच्या अहवालांत आणि घरातल्या बोलण्यात.

1865च्या हजमध्ये मक्केत कॉलऱ्यानं हजारो माणसं गेली आणि ती साथ इजिप्तमार्गे युरोपात पोचली. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली. 1869मध्ये सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं स्वस्त झाली, हाजी वाढले आणि त्याबरोबर युरोपची धास्तीही. हजच्या जहाजांचे नियम प्रामुख्यानं या धास्तीतून आले. हाजीला मोकळा श्वास घेता यावा ही कळकळ त्यामागे फारशी नव्हती. हाजीचा श्वास युरोपला लागू नये, ही काळजी होती. 1897मध्ये मुंबईत प्लेग पसरला तेव्हा सरकारनं मुंबईहून हजला जाणंच बंद केलं.

या जहाजांवर माणसाची किंमत काय होती, हे 1880च्या ‘जेद्दा’ जहाजाच्या प्रकरणानं जगाला दाखवलं. सिंगापूर-पेनांगहून साडेनऊशेच्या आसपास हाजी घेऊन ते निघालं. वादळात जहाजात पाणी शिरलं, तेव्हा कप्तान आणि बरेचसे अधिकारी हाजींना सोडून होडीतून निघून गेले. त्यांना दुसऱ्या जहाजानं उचललं आणि एडनला आणलं. जहाज बुडालं, असं त्यांनी तिथं सांगितलं. नंतर ‘जेद्दा’ हाजींसकट दुसऱ्या जहाजामागून ओढत एडनला आलं. मधल्या काळात हाजींनी पाणी उपसून जहाज तरतं ठेवलं होतं. जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही कादंबरी याच घटनेवरून सुचली. पण तीही पळून गेलेल्या अधिकाऱ्याची गोष्ट आहे. पाणी उपसणाऱ्यांची गोष्ट अजून लिहायची आहे.

नियम हळूहळू आले. 1886मध्ये सरकारनं हाजींच्या प्रवासाचं काम थॉमस कुक कंपनीकडे दिलं, ते काही वर्षंच टिकलं. 1895मध्ये हिंदुस्थानात हजच्या जहाजांसाठी वेगळा कायदा झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या आरोग्य करारांनी आकडा ठरवला : मधल्या मजल्यावर दर हाजीमागे दीड चौरस मीटर, म्हणजे सोळा चौरस फूट जागा. छताची उंची साधारण सहा फूट. रोज पाच लिटर पिण्याचं पाणी, मोफत.

सोळा चौरस फूट म्हणजे किती, हे समजायला घरातली जानमाज जमिनीवर अंथरावी. तिच्याशेजारी दुसरी अंथरावी. या दोन जानमाजांवर झोपायचं, उठायचं, खायचं, आजारी पडायचं आणि उशाशी पेटी, कळशी आणि सोबत घेतलेलं कफनही ठेवायचं. मुंबई ते जेद्दा साधारण 2,300 सागरी मैल. त्याला बारा ते पंधरा दिवस लागत. आजच्या बाल्कनीच्या खोलीत दोघं राहिले तरी माणशी शंभर चौरस फूट येतात, म्हणजे तेव्हाच्या सहापट.

यात वाटेतलं कामरान बेट धरलेलं नाही. लाल समुद्राच्या तोंडाशी असलेल्या या बेटावर 1882पासून क्वारंटाइनचं ठाणं होतं. तिथं हाजींना उतरवत, आंघोळी घालत, कपडे वाफेत टाकत. ते ठाणं 1952मध्ये बंद झालं.

पावसाळा हा दुसरा जाच. हिजरी वर्ष चंद्राचं, त्यामुळे हज दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. हज उन्हाळ्याच्या मध्यावर आला की जाणारं किंवा येणारं जहाज ऐन पावसाळी अरबी समुद्रात सापडे. 1957चा हज जुलैमध्ये होता, म्हणजे परतीच्या हाजींच्या वाट्याला भर पावसाळा. अशा वेळी वरचा डेक लाटांनी धुतला जाई आणि पाणी आत येऊ नये म्हणून खालची हवेची तोंडं बंद करावी लागत. खाली शेकडो माणसं, उलट्या, स्टोव्हचा वास आणि बंद हवा. आमच्या मोहल्ल्यातल्या एक वृद्ध हज्जन जहाजाचा विषय निघाला की अजूनही आधी मक्केबद्दल बोलत नाहीत. आधी त्या वासाबद्दल बोलतात.

बायकांचे हाल वेगळेच. वर डेकवर हवा होती, पण आडोसा नव्हता. केबिनीत आडोसा होता, पण तिचं भाडं परवडत नसे. खालच्या मजल्यावर हवाही नाही आणि आडोसाही नाही. मग दोरीवर चादरी टांगून आडोसा करायचा, आणि तो केला की उरलीसुरली हवाही अडायची. बाल्कनीची खोली म्हणजे हवा आणि आडोसा एकाच जागी. 1984मध्ये ‘रॉयल प्रिन्सेस’ हे प्रवासी जहाज आलं. त्याच्या सगळ्या खोल्या बाहेरच्या बाजूला होत्या आणि कितीतरी खोल्यांना स्वतःची बाल्कनी होती. चैनीची वस्तू म्हणून ती विकली गेली. आमच्या बायकांसाठी मात्र ती शंभर वर्षं आधीपासूनची गरज होती.

या धंद्यात पैसा कुणाचा होता, तेही बघायला हवं. 1877मध्ये मुंबईत सुरू झालेली बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी पुढे मोगल लाइन म्हणून ओळखली गेली. नाव मोगलांचं, कारभार इंग्रज कंपनीकडे. 1930च्या दशकात सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंधिया कंपनीनं ‘अल मदिना’, ‘अल हिंद’ ही जहाजं या मार्गावर उतरवली. भाड्याची चढाओढ लागली आणि काही काळ हाजींना स्वस्ताई लाभली. महायुद्धानं ती संपवली. हाजींना वाहणारी कितीतरी जहाजं लष्करी कामाला गेली आणि बुडाली. मोगल लाइनचं ‘रहमानी’ 1943मध्ये जपानी पाणबुडीनं बुडवलं.

तक्रारी ऐकायला 1929मध्ये सरकारनं हज चौकशी समिती नेमली आणि 1932मध्ये बंदरांवरच्या हज समित्यांचा कायदा झाला. आजच्या हज कमिटीचं मूळ तिथं आहे. 1931मध्ये बिनबिछान्याच्या प्रवाशांसाठी आणि हाजींसाठी जे आंतरराष्ट्रीय नियम झाले त्यांना ‘सिमला नियम’ म्हणतात, कारण ते सिमल्यात बसून लिहिले गेले. 1971मध्ये त्यांची जागा नव्या कराराने घेतली आणि 1973मध्ये फक्त जागेच्या मोजमापाचा वेगळा मसुदा आला. जगाच्या नौकानयन कायद्यात डेकवरच्या गरीब प्रवाशासाठी जी कलमं आहेत, त्यातली बरीच आपल्या हाजींच्या अंगावरून गेलेली आहेत.

1960मध्ये मोगल लाइन सरकारच्या ताब्यात आली. पुढे ‘अकबर’, ‘नूरजहाँ’ अशी बरी जहाजं आली आणि उघड्या फरशीऐवजी बंक मिळू लागले. आमच्या गावातल्या जहाजानं गेलेल्या शेवटच्या पिढीला हीच नावं आठवतात. त्यांच्या आठवणी सगळ्याच कडू नाहीत. बंकावरच्या शेजाऱ्याशी जुळलेली ओळख जन्मभर टिकली. हिंगणघाटच्या माणसाला मलबारी, बिहारी, काश्मिरी मुसलमान पहिल्यांदा भेटला तो जहाजावर. आधी गेलेल्यांकडून हजचे अरकान शिकायला दहा-बारा दिवस मिळत. विमानात तो वेळ मिळत नाही.

आणि यलमलम. लाल समुद्रात ही हद्द जवळ आली की भोंगा होई. आंघोळ करून पुरुष दोन न शिवलेल्या चादरी नेसत आणि सगळं जहाज ‘लब्बैक’नं भरून जाई. केबिनीतला शेठ आणि खालच्या मजल्यावरचा विणकर ओळखू येत नसे. हे दृश्य आपल्याकडे बरोबरीचा दाखला म्हणून मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. दाखला खरा आहे. पण दुआ झाल्यावर शेठ आपल्या केबिनीत परतायचा आणि विणकर आपल्या सोळा चौरस फुटांत, हेही खरं आहे. कपडे एक झाले, जागा एक झाली नाही. चौकशी समितीच्या आधीही या मजल्यांवरचे वजनदार मुसलमान प्रवासी वरच होते. खालच्यांच्या जागेसाठी त्यांनी लावून धरलं असतं, तर कायद्याला कॉलऱ्याची वाट बघावी लागली नसती.

1995पासून मुंबई-जेद्दा हजची जहाजं बंद झाली. आता हिंगणघाटचा हाजी नागपूरला जातो आणि काही तासांत अरबस्तानात उतरतो. जानेवारी 2018मध्ये केंद्र सरकारनं हजचं अनुदान बंद केलं आणि त्याच महिन्यात समुद्रमार्ग पुन्हा सुरू करण्याला सौदी अरेबियानं होकार दिल्याचं जाहीर केलं. नवी जहाजं चार-पाच हजार माणसं नेतील, तीन-चार दिवसांत पोचवतील आणि स्वस्त पडतील, असं सांगितलं गेलं. त्याची आशा गावागावात अजून आहे, विशेषतः ज्यांना विमानाचा खर्च झेपत नाही त्यांना.

ती आशा मलाही आहे. पण जहाज आलंच, तर त्यात बाल्कनीच्या खोल्याही असतील, आणि असाव्यात. ज्याला परवडेल त्यानं घ्याव्यात. आपल्या संस्थांनी, हज कमिटीवरच्या आपल्या प्रतिनिधींनी आणि जाहिरात बघून आनंदणाऱ्या आपण सगळ्यांनी त्या दिवशी पहिला प्रश्न वेगळा विचारायला हवा. सगळ्यात स्वस्त तिकिटाला किती चौरस फूट? तिथं खिडकी आहे का? बायकांना हवा आणि आडोसा दोन्ही मिळेल का? किती माणसांमागे एक संडास? हे आकडे लेखी मिळाल्याशिवाय कुणी टाळ्या वाजवू नयेत. सोळा चौरस फूट कसे मिळाले, ते आपल्याला माहीत आहे. या वेळी मोजपट्टी आधी आपल्या हातात असली पाहिजे.