व्रण, वनस्पती आणि वेठबिगार

विनयपिटकातील महावग्गात, भेसज्जखंधकामध्ये, व्रणोपचाराचा एक क्रम आलेला आहे. एका भिक्षूस गळू झाले. भगवान बुद्धांनी प्रथम शस्त्रक्रियेस अनुमती दिली. नंतर तुरट काढ्याचे पाणी, तिळाचा कल्क, पोटीस व बांधण्याचे वस्त्र यांस. आणि व्रण भरून येईना तेव्हा व्रणतेलास. ह्या क्रमात कोठेही मंत्र नाही. तूप, लोणी, तेल, मध व फाणित ही पाच भेसज्जे तर औषधही आहेत आणि पोषणही.

हीच अनुभवनिष्ठ दृष्टी डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांतही दिसते. ताज्या जखमेवर दगडी पाल्याचा रस पिळण्याची रीत ग्रामीण महाराष्ट्रात सर्वत्र आहे. ही वनस्पती मूळची अमेरिका खंडातील. म्हणजे हे ज्ञान अनादि नसून लोकांनी पारखून स्वीकारलेले आहे. प्राण्यांवरील काही प्रयोगांतही तिचा उपयोग दिसून आला आहे.

परंतु पाला जखम झाकतो. नवी त्वचा शरीरालाच घडवावी लागते. त्यासाठी प्रथिने हवीत, क जीवनसत्त्व हवे, जस्त हवे. डाळ, मासळी, आवळा, नाचणी हे सारे ह्या भूमीत पिकते वा मिळते. मग वारल्यांच्या ताटात ते का नव्हते?

उत्तर इतिहासात आहे. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील वेठ, खावटीचे कर्ज आणि नकार देणाऱ्यास होणारी मारहाण यांची नोंद आहे. ज्या हाताने जखम केली, त्याच हाताने ती भरून काढणारे अन्नही हिरावले होते. मे १९४५ मध्ये झरी येथील सभेत वारल्यांनी वेठ नाकारली व रोज १२ आणे रोख मजुरी मागितली. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व इतर वारली हुतात्मे झाले. ते १२ आणे हेही, आमच्या मते, एक भेसज्जच होते.

आज खोल वा मळलेली जखम स्वच्छ पाण्याने धुऊन धनुर्वाताची लस घेण्यासाठी आरोग्य केंद्र गाठावे. अशा जखमेत कच्चा पाला भरू नये. वनस्पतींचे ज्ञान जपावे, पण त्याच्या गौरवात रिकाम्या ताटाचा प्रश्न बुजवू नये. रुग्णाची सेवा हीच माझी सेवा, असे तथागतांनी भिक्षूंस सांगितले. त्या सेवेत पोटभर अन्नाचा अंतर्भाव होतो, असे आम्ही मानतो.