सातबाऱ्यापासून रहिवासापर्यंत

पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांमध्ये वर्षाकाठी सर्वसाधारण सभा भरते. तिथं भाडेकरूला मत नाही. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असला, तरी मत एकच. शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं त्याचं. ते पहिलं नाव बहुधा कुणाचं असतं, हे सांगायला नकोच! शंभर वर्षांपूर्वी अख्खा मुंबई प्रांत साधारण याच रीतीनं चालत होता.

१९१९ च्या कायद्यानुसार प्रांतिक कौन्सिलसाठी मत द्यायचं, तर खेड्यात निदान ३२ रुपये सारा बसेल एवढी जमीन लागे. रत्नागिरीसारख्या गरीब जिल्ह्यात १६. शहरात घरभाडं नाहीतर प्राप्तिकर बघत. १९२० च्या पहिल्या निवडणुकीत बायकांना मतच नव्हतं. रमाबाई रानडे आणि इतरांनी मागणी लावून धरली, १९२१ मध्ये कौन्सिलनं तो अडसर काढला. पण स्वतःच्या नावावर जमीन असलेल्या बायका होत्या किती? १९३५ च्या कायद्यानं अटी सैल केल्या आणि पात्र मतदारांच्या बायकांनाही मत दिलं. म्हणजे आलं ते नवऱ्याच्या सातबाऱ्यावरूनच.

ऑक्टोबर १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी पुण्यात सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला होता. तो मिळाला राज्यघटनेच्या कलम ३२६ नं. वयाची अट २१ वर्षांची होती, ती १९८९ पासून १८ झाली.

मला मात्र खरी उलथापालथ १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये दिसते. मतदारसंघात केवळ घर मालकीचं आहे म्हणून कुणी तिथला रहिवासी ठरत नाही, असं ते बजावतं. दुबईत राहून इथला फ्लॅट भाड्यानं देणाऱ्याला तेवढ्यावर इथं मत नाही. त्याच फ्लॅटमध्ये राहून रोज हिंजवडी गाठणाऱ्या भाडेकरूला आहे. ज्याला घरच नाही, त्याच्याकडे निवडणूक आयोग पत्त्याचा कागद मागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी जातो, एकापेक्षा अधिक वेळा, आणि माणूस खरंच तिथं झोपतो का ते बघून येतो. ३२ रुपयांच्या साऱ्यापासून इथवर!

तरी पुष्कळ भाडेकरूंचं नाव अजून गावाकडच्याच यादीत असतं. नाव पहिल्यांदाच घालायचं असेल तर फॉर्म ६, गावाहून इकडे हलवायचं असेल तर फॉर्म ८. नोंदवलेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. मालकाची परवानगी लागत नाही.